साटिणीचे माहेर

शिमग्याचा धुरळा खाली बसला की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात बोहाड्याचे दिवस येतात. रात्री टेंभे पेटतात, संबळ कडाडतो, सनई सूर धरते आणि गावातल्या रस्त्यावरून एकामागून एक सोंगे नाचत येतात. आधी गणपती, मग शारदा, पुढे रामायण-महाभारतातले देव आणि दानव, आणि अगदी अखेरीस, पहाट फुटायच्या सुमारास, महिषासुराला मारणारी जगदंबा. तोंडावर लाकडाचा नाही तर कागदाच्या लगद्याचा मुखवटा आणि अंगात रंगीत झगा. दिवसा नाचणीच्या खाचरात राबणारा माणूस त्या रात्रीपुरता देव होतो आणि अख्खा गाव त्याच्या पायाशी वाकतो.

मोखाड्याच्या अशाच एका रात्री मी देवीच्या सोंगाजवळ उभा होतो. मुखवटा अजून चढायचा होता. एक म्हातारेबाबा त्याची बंदे ओढून पाहत होते आणि टेंभ्याचा उजेड सोंगाच्या तांबड्याभडक झग्यावरून पाण्यासारखा ओघळत होता. मी सहज विचारले, "बाबा, कापड कसलं हो हे?"

"साटीन हाय, दादा. जव्हारच्या बाजारातली. दुसरं कापड नाय चालत. टेंभ्याम्होरं देवी चमकाया नको?"

बाबांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. पण माझ्या मनात रेंगाळला तो त्यांचा शब्द. साटीन! आमच्या घरात याच शब्दावरून एके काळी चांगलीच वादावादी झालेली होती. आजीच्या ट्रंकेत तळाशी एक जांभळा चोळीचा तुकडा होता. आजी त्याला 'अतलस' म्हणे, आई 'साटीण' म्हणे. "साटीण म्हणजे दुकानातला माल, ही अतलस आहे अतलस!" असे आजी ठसक्यात सांगे आणि आई मान हलवून गप्प बसे. दोघीही खऱ्या होत्या, हे कळायला मला अर्धे आयुष्य आणि पुष्कळ पुस्तके लागली. एकच कापड आपल्याकडे दोन वाटांनी आले. खुष्कीच्या वाटेने फारसीचे बोट धरून आले ते अतलस झाले. अरबीत त्याचा अर्थ 'गुळगुळीत'. समुद्रावरून इंग्रजांच्या तोंडून आले ते 'सॅटिन'. मराठीने त्याला माळीण-पाटलिणीच्या पंगतीत बसवून साटीण केले आणि घरात घेतले. सून घरची झाली खरी, पण तिचे माहेर कोणते?

तिचे माहेर इंग्लंड नव्हे. इंग्लंडला तर ती स्वतःच परकी म्हणून गेली होती. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर आज ज्याला च्वानचौ म्हणतात ते बंदर मध्ययुगात अरब व्यापाऱ्यांच्या तोंडी 'झैतून' होते. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी त्याची तोंड भरून स्तुती केली आहे. तिथून निघणाऱ्या तुकतुकीत रेशमाला अरब 'झैतूनी' म्हणत. हा शब्द इटली, स्पेन, फ्रान्स असा मजल दरमजल करीत, वाटेत झिजत झिजत, इंग्लंडात पोचला तो 'सॅटिन' होऊन. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसर या कवीने तो वापरला आहे. काही पंडित लॅटिनमधल्या केस-राठ अशा अर्थाच्या एका शब्दाकडे बोट दाखवतात, पण बहुतेकांचा कौल झैतूनकडे आहे. माझाही आहे, आणि त्याला एक खास जव्हारी कारण आहे.

जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा मूळ पुरुष जयबा. त्याचा मुलगा नेमशहा. या नेमशहाला दिल्लीच्या महंमद तुघलकाने १३४३ साली राजा म्हणून मान्यता दिली आणि 'शहा' हा किताब दिला. जव्हार संस्थान आपला शक त्या दिवसापासून मोजत असे. आता त्याच सुमारास दिल्लीच्या दरबारात काय चालले होते ते पाहा. चीनच्या बादशहाकडून तुघलकाला नजराणा आला होता. त्यात ५०० थाने रेशमी कापड होते, आणि त्यांतली १०० खुद्द झैतूनची! हे लिहून ठेवले आहे ते इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने. परतीचा नजराणा घेऊन तुघलकाने १३४२ साली त्यालाच चीनला धाडले. अनेक संकटांतून तो झैतूनला पोचला, आणि तिथल्या झैतूनी कापडाची सर दुसऱ्या चिनी शहरांच्या कापडांना नाही, असा निर्वाळाही त्याने दिला.

म्हणजे पाहा, दिल्लीच्या ज्या दरबारातून नेमशहाचा किताब निघाला, त्याच दरबारात वर्ष-दोन वर्षे आधी साटिणीच्या माहेरची थाने उलगडली गेली होती. त्या काळी राजकारण कापडानेच होई. अल्-उमरी नावाच्या अरब लेखकाने प्रवाशांकडून ऐकून लिहिले आहे की, तुघलकाच्या कारखान्यात ४,००० रेशमाचे कारागीर होते, जरीचे ५०० वेगळे, आणि सुलतान दरसाल २ लाख पोशाख मानाचे म्हणून वाटत असे. आपल्याकडचा 'शिरपाव' शब्द त्यातलाच, डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख. जव्हारजवळच शिरपामाळ नावाची टेकडी आहे. शिवाजी महाराज सुरतेकडे जाताना तिथे थांबले, विक्रमशहाने त्यांना शिरपेच अर्पण केला, म्हणून ती शिरपामाळ, असे जव्हारचे लोक सांगतात. सत्ता, मान आणि चमक या तिघींची गाठ इकडच्या डोंगरातल्या मातीच्या नावातसुद्धा बसली आहे.

पण ही चमक येते कोठून? रेशमाचा धागा मुळातच तुळतुळीत, हे खरे. पण साटिणीची सारी करामत विणीत आहे. साध्या कापडात आडवा धागा उभ्या धाग्याच्या एकदा वरून, एकदा खालून जातो. त्यामुळे कापडावर बारीक बारीक उंचवटे येतात आणि उजेड त्यांवर फुटतो. साटिणीत उभा धागा चार किंवा सात आडव्या धाग्यांवरून मोकळा पसरतो आणि मग एकदाच खाली बुडी मारतो. या बुड्याही शेजारी शेजारी येऊ न देता विखरून टाकायच्या. मग वरच्या बाजूला सगळे लांबच लांब उभे धागे, विंचरलेल्या केसांसारखे, एकाला एक लागून पडतात, आणि उजेड त्यांवरून घसरत जातो. मागची बाजू निस्तेज. आणि धागे मोकळे म्हणून नाजूकपणही आलेच. नख लागले की उसवले! मोखाड्याच्या देवीचा झगा रेशमाचा नाही, कृत्रिम धाग्याचा आहे, हे सांगायला नकोच. पण वीण तीच. म्हणून नावही तेच.

या चमकदार कापडांची इंग्लंडातली नावे चाळावीत तर पूर्वेकडच्या शहरांचा नकाशाच उलगडतो. 'डमास्क' हे दमास्कसचे. 'सार्सनेट' हे मऊ, पातळ रेशीम सॅरसन लोकांचे. म्हणजे युरोपियांनी अरबांना दिलेल्या नावावरून. 'टॅफेटा' हा फारसीतला 'ताफ्ता', विणलेला, आणि आपल्या जुन्या मराठीतला ताफताही तोच. 'बाल्डाचिन' बगदादवरून. आपण मराठी माणसांनी हसू नये. आपणही पैठणी, चंदेरी, महेश्वरी, बनारसी असेच करतो, आणि कालिदासाच्या काळीही रेशमी वस्त्राला 'चीनांशुक' म्हणत होतेच. पण आपल्या पैठणीचे पैठण आपल्याच घरात आहे. इंग्रजांची सगळी नावे परगावची, कारण सगळे रेशीमच परगावचे.

या नावांत माझे सर्वांत लाडके 'टॅबी'. बगदादमध्ये अत्ताबिया नावाचा मोहल्ला होता. तिथे पट्ट्यापट्ट्यांचे रेशीम विणीत. त्याचे नाव युरोपात गेले आणि इंग्लंडात लाटा उमटवलेल्या रेशमाला 'टॅबी' म्हणू लागले. जड रुळांखाली कापड दाबले की त्यावर पाण्याच्या लहरींसारखी चकाकती नक्षी उमटते. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की आपल्या घरातल्या पट्टेरी मांजराच्या अंगावरही हुबेहूब असेच आहे. झाले! कापड विस्मरणात गेले, आणि आज इंग्लंडातल्या लाखो चुलींपाशी निजणारी पट्टेरी मांजरे बगदादच्या एका मोहल्ल्याचे नाव मिरवीत आहेत.

ही कापडे घालायची मुभा मात्र सगळ्यांना नव्हती. आठव्या हेन्रीच्या १५३३ सालच्या कायद्याने आणि पुढे एलिझाबेथ राणीच्या १५७४ च्या जाहीरनाम्याने कोणी साटीण घालावी, कोणी ताफता घालावा, कोणी जरीला हात लावू नये, हे दर्जाप्रमाणे ठरवून दिले होते. हे निर्बंध १६०४ साली उठले. याच चमकेपायी दुसरीकडे धर्माचा पेच पडला. मुसलमान पुरुषाला शुद्ध रेशीम अंगाला लावायची मनाई. तेव्हा विणकरांनी तोड काढली. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, वीण साटिणीची. वरून झळाळी, आणि अंगाला लागते ते सूत! नाव दिले 'मशरू', म्हणजे शरियतला मान्य. आमच्या घरी नेमके उलटे. पूजेला बसताना रेशमी मुकटाच हवा, सूत चालायचे नाही. देव तोच, किडाही तोच. शिवाशिव मात्र वेगवेगळी.

इंग्रजांनी स्वतः झळाळी विणायला घेतली ती मात्र उशिरा, आणि तीही परक्यांच्या हातांनी. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांचे उरलेसुरले संरक्षण काढून घेतले. तेव्हा हजारो ह्यूगेनॉ कुटुंबे पळाली. त्यांतले रेशीम विणणारे लंडनच्या पूर्वेला स्पिटलफील्ड्समध्ये येऊन वसले आणि त्यांनी सोबत 'लस्ट्रिंग' आणले. नावातच चमक. याची एक आख्यायिका फ्रान्समधल्या ल्याँ शहरात सांगतात. ऑक्ताव्यो मे नावाचा व्यापारी धंद्यात बुडत चालला होता. चिंतेत येरझारा घालता घालता तो रेशमाचा धागा चघळीत बसला. थुंकला आणि पाहतो तो धागा लखलखतोय! ओल आणि ऊब यांनी ही किमया केली, हे त्याने ताडले. खरे-खोटे ल्याँकर जाणोत, पण कृती खरी होती. ताणलेल्या रेशमाला चिकट पाणी लावायचे आणि खालून निखाऱ्यांची शेगडी फिरवायची. आपल्याकडे सुताला खळ देऊन घोटतात, त्याचेच हे रेशमी भावंड. १६९२ साली 'रॉयल लस्ट्रिंग कंपनी'ही निघाली. पण इंग्रज जिभेला 'लस्ट्रिंग' पचेना. तिने त्याचे 'ल्यूटस्ट्रिंग' केले, म्हणजे ल्यूट या तंतुवाद्याची तार! कापडाचा वाद्याशी काडीचा संबंध नाही. परका शब्द घरात घ्यायचा तर त्याला ओळखीचा अंगरखा चढवावा लागतो. आम्ही साटिणीला कुंकू लावले, त्यांनी लस्ट्रिंगला तारा लावल्या.

आता यातली आपल्या जिव्हारी लागणारी गोष्ट. त्याच वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून हिंदुस्थानचे रेशीम आणि छिटे लंडनला उतरत होती. स्वस्त, रंगाला पक्की आणि नजरेत भरणारी. आपल्या कोकणातले चौल तर सोळाव्या शतकापासून रेशमी कापडासाठी नावाजलेले; लिन्शोटेन या डच प्रवाशाने तिथल्या रेशीम विणणाऱ्यांची नोंद केली आहे. इंग्रज विणकरांच्या पोटावर पाय आला. १६९७ साली त्यांचा जमाव कंपनीच्या कचेरीवर चालून गेला. पार्लमेंटाने १७०० साली कायदा केला की इराण, चीन आणि हिंदुस्थानचे रेशीम इंग्लंडात आणून पुढे परदेशी धाडायला हरकत नाही, पण इंग्लंडात कोणी अंगावर घालायचे नाही. १७१९ साली तर विणकर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे छिटाचे झगे फाडू लागले, त्यांवर शाई आणि तेजाब फेकू लागले. मग १७२१ च्या कायद्याने छिटांनाही बंदी आली. आमच्या मागांचे पुढे काय झाले हे वाचकांना ठाऊकच आहे; पण पहिली कुऱ्हाड यंत्राने नव्हे, कायद्याने घातली, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्या स्पिटलफील्ड्सच्या विणकरांचा तरी मला राग येतो का? नाही येत. तेही परागंदा, पोटासाठी माग हाणणारे. १८२६ मध्ये फ्रेंच रेशमावरची बंदी उठली, १८६० च्या फ्रान्सबरोबरच्या तहाने जकातही गेली, आणि तेही मोडले.

कापड आत येऊ दिले नाही, तरी नावे गेलीच. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश काढला. इंग्रजीत शिरलेल्या आपल्याकडच्या शब्दांची ती भरगच्च गठडीच. त्यात अतलस आहे, किनखाबाचे 'किंकॉब' आहे, आणि आपल्या टसराचे 'टसर'ही आहे. इंग्रज शिंपी त्याला 'टसोर' म्हणत. संस्कृतात तसर म्हणजे विणकराचा धोटा. जव्हारच्या माणसाने कान टवकारावेत तो हा शब्द, कारण टसराचा किडा ऐनाच्या पाल्यावर जगतो, आणि जव्हार-मोखाड्याच्या रानात ऐनाला तोटा नाही.

ऐनाच्या फांदीला लोंबणारा टसराचा कोश ज्याने पाहिला नसेल त्याने एकदा पाहावा. कबुतराच्या अंड्याएवढा, करडा-पिवळा, दगडासारखा टणक. आणि वर एक देठ, त्याचे कडे फांदीभोवती असे घट्ट बसवलेले की वारा आला तरी सुटायचे नाव नाही. तुतीच्या रेशमाचा धागा गोलसर. टसराचा चपटा, फितीसारखा. म्हणून त्याची झाक साटिणीसारखी सलग वाहत नाही. अभ्रकासारखी इथेतिथे लुकलुकते. ही झाक टिकवून त्याला रंग देणे युरोपात कोणाला साधेना. ते साधले स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावच्या टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या टसराने लोकांचे डोळे दिपवले. पुढे टसराची लव काढून सीलच्या कातड्याची हुबेहूब नक्कल विणली गेली, आणि ऐनाच्या पाल्यावरच्या किड्याची लाळ विलायती मडमांच्या अंगावर सीलचे कातडे म्हणून मिरवू लागली! इकडे पुण्यात मेजर कूसमेकर नावाचा लष्करी अधिकारी त्याच दशकात टसराचे किडे पाळायच्या खटपटीत होता. मुंबई इलाख्यात तो उद्योग रुजला नाही. तो टिकला विदर्भात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत ढीवर लोक ऐन-अर्जुनावर किडे पाळतात, आणि तिथल्या करवतकाठी साडीचा दातेरी काठ जाणकार लांबून ओळखतात.

मग आमच्या पश्चिमेकडच्या रानात या कोशाचे काय करीत? शिकारी तो गोल गोल कापून त्याची लांब, चिवट पट्टी काढीत आणि तिने ठासणीच्या बंदुकीची नळी दस्त्याला आवळीत. पावसाने कुजत नाही, बाराच्या धगीने तुटत नाही. मला हे वाचताना जव्हारच्या राज्याची गोष्ट आठवली. जयबाने म्हणे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मिळाल्यावर कातड्याची बारीक वादी कापून तिने केवढा तरी मुलूख वेढला. कातडे असो की कोश, या डोंगरात जे मिळाले त्याची वादी काढायची आणि घट्ट आवळायचे. चमकेची चैन परवडणारी नव्हती. ऐनावर रेशीम लोंबत होते, आणि त्याच झाडाखालून जाणाऱ्या बाईच्या अंगावर जाडेभरडे सुती लुगडे होते.

त्या रात्री मोखाड्यात हे सारे मला आठवत होते असे म्हणणार नाही. पहाटे महिषासुर पडला, टेंभे विझले, देवी झालेला गडी घामाने निथळत ओट्यावर बसला आणि कोणीतरी त्याच्या हाती चहाचा पेला दिला. बाबांनी झगा उतरवून घेतला, निस्तेज बाजू वर येईल असा उलटा केला, हाताने चुण्या सारख्या केल्या आणि घडी घालू लागले. मी शेजारी बसून त्यांना म्हटले, "बाबा, ही साटीण आहे ना, हिचं नाव चीनमधल्या एका बंदरावरून आलंय."

बाबांनी घडी तशीच मांडीवर ठेवली. जरा वेळ विचार करून म्हणाले, "लई लांबची की मंग." आणि थोड्या वेळाने, "तितं बी बोहाडा असंल का, दादा?"